कौटुंबिक चिंतन : रानातले चार दिवस हा दानधर्म होय काय?



सुरतेजवळच्या पांडेसऱ्याहून एका कुटुंबप्रमुखांचे पत्र आमच्याकडे आले आहे. ते मूळचे खानदेशातले. पुष्कळ वर्षांपासून तेथील कापडरंगाईच्या कारखान्यात पाळीने काम करतात. त्यांचा थोरला मुलगाही आता त्याच धंद्यात आहे. मुलगा व्यसनी नाही, उद्धट नाही, कामचुकारही नाही, असे ते लिहितात. परंतु गेले काही महिने पाळीवरून घरी आला की तो भिंतीकडे तोंड करून पडून राहतो. आईने वाढलेले ताट तसेच राहते. रविवारी मिस्सेला येतो, पण दाराशी उभा राहून कोणाशी न बोलता निघून जातो. त्यांच्या वस्तीतील धर्मगुरूंनी अशा पंधरावीस तरुणांना पावसाळा सरल्यावर चार दिवस डांगच्या रानात नेण्याचे योजिले आहे. खर्चासाठी गरिबांच्या धर्मपेटीतून काही रक्कम घ्यावी असा विचार सभेत निघाला, आणि तेथेच वादाला तोंड फुटले. विधवेच्या औषधासाठी आणि अनाथांच्या वह्यापुस्तकांसाठी जमविलेला पैसा धडधाकट पोरांच्या सहलीवर उधळावयाचा काय, असे एका वडीलधाऱ्यांनी सरळ विचारले. सभेला उत्तर सुचले नाही. पत्रलेखक आता आमचे मत विचारीत आहेत.

त्या वडीलधाऱ्यांचा प्रश्न आम्ही हलका लेखीत नाही. धर्मपेटीत पडणारे नाणे बहुधा श्रीमंताच्या खिशातले नसते. मिरचीला एक पैसा कमी दिला, बसचे भाडे वाचवून पायी आली, अशा माउलीच्या हातचे ते असते. मंदिराच्या दानपेटीपुढे बसून आपल्या प्रभूने जिची वाखाणणी केली ती विधवा आजही आपल्या प्रत्येक धर्मग्रामात आहे. तिच्या नाण्याचा हिशेब मागणारा कोणीतरी असावाच लागतो. म्हणून ह्या प्रश्नाचे उत्तर नुसत्या गोड शब्दांनी देऊन चालणार नाही.

प्रथम पांडेसरा म्हणजे काय ते पाहू, कारण आमचे बहुसंख्य वाचक खेड्यात राहणारे आहेत. सुरत शहराच्या दक्षिणेस, उधन्याच्या पलीकडे ही मोठी औद्योगिक वसाहत आहे. मागावरून उतरलेले कोरे कापड येथील कारखान्यांत येते. तेथे ते धुतात, रंगवितात, छापतात, तापवून सारखे करतात आणि ताके बांधून बाजारात धाडतात. बॉयलरची धग, ओल्या कापडाची वाफ, रंगांचा नाकाला झोंबणारा वास, यंत्रांचा अखंड घरघराट, आणि ह्या सगळ्यात बारा बारा तासांची पाळी. धुळे, जळगाव, नंदुरबारकडची आपली माणसे येथे आहेत, तशीच ओडिशा, बिहार व उत्तर प्रदेशाकडची आहेत. पत्र्याच्या एका खोलीत अनेकांचा बिछाना. दिवसपाळीचा उठला की त्याच जागी रातपाळीचा आडवा होतो. गावाकडे असताना ज्या मुलाला पहाटे शुक्राची चांदणी ओळखता येत होती, त्याच्या डोळ्यांपुढे आता दिवसाही दिवे आणि रात्रीही दिवेच. ऋतू बदलला हे त्याला कापडाच्या मागणीवरून कळते. आंब्याच्या मोहराशी त्याची गाठ पडत नाही. ह्या मुलांना ताप नसतो, म्हणून त्यांना कोणी आजारी म्हणत नाही. पण माणूस आतून सुकत चालला, म्हणजे त्यालाही आजारच म्हटले पाहिजे.

पवित्र शास्त्रात असा एक आजारी आहे. त्याचे नाव एलिया. तो दुबळा गडी नव्हता; राजापुढे निर्भयपणे उभा राहिलेला संदेष्टा होता. परंतु एके दिवशी तो रानात गेला, एका झुडपाखाली बसला आणि आपले मरण मागू लागला. अशा वेळी आपण काय केले असते? त्याला उपदेश केला असता. निराशा हे पाप आहे, ऊठ, कामाला लाग, असे बजावले असते. देवाने त्यांपैकी काहीही केले नाही. त्याला झोपू दिले. मग दूताकरवी निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाण्याचे पात्र त्याच्या उशाशी ठेवविले. तो जेवला आणि पुन्हा झोपला. तरी दूत रागावला नाही. दुसऱ्यांदा जेवण झाल्यावर तो चाळीस दिवस व चाळीस रात्री चालत होरेब डोंगरापर्यंत गेला, आणि तेथे वादळ, भूकंप व अग्नी होऊन गेल्यावर एका मंद स्वरात देव त्याच्याशी बोलला. शेवटी देवाने त्याला काम सांगून माघारी पाठविले. उपचाराचा क्रम ध्यानात ठेवण्याजोगा आहे : प्रथम विश्रांती, मग भाकर, मग वाटचाल, मग शांतता, आणि सर्वांच्या शेवटी कर्तव्य. ती भाकर कोणीतरी भाजून ठेवलेली होती. तेच दान होते, आणि ते रानात पोहोचविले गेले.

आपला प्रभूही असाच वागला. प्रेषित सेवा करून थकून आले, जेवायलाही सवड मिळेना, तेव्हा त्याने त्यांना एकीकडे, एकांत जागी चलून थोडा विसावा घेण्यास सांगितले. विसावा मिळाला नाही, कारण लोक मागोमाग आले; परंतु प्रभूची इच्छा काय होती ते स्पष्ट दिसते.

येथे एक इशारा दिलाच पाहिजे. रान हे औषधाच्या जागी नाही. एके काळी क्षयाच्या रोग्याला डोंगरावरच्या आरोग्यधामात वर्ष वर्ष ठेवीत. मोकळी हवा, उन्हाची तिरीप, दूध आणि विश्रांती हाच तेव्हा मुख्य उपाय होता. पुढे गुणकारी औषधे निघाली, आणि १९५६ साली मद्रासेत सुरू झालेल्या एका प्रसिद्ध प्रयोगात असे दिसून आले की, औषधे नियमित घेतली तर शहरातल्या गरिबाच्या घरी राहून केलेला उपचारही आरोग्यधामातल्या उपचाराइतकाच गुण देतो. १९५९ साली ते निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि जगभर उपचाराची रीत पालटली. ह्यावरून आपण शहाणे व्हावे. मुलाची झोप उडाली असेल, त्याच्या तोंडून मरणाची भाषा निघत असेल, तर त्याला आधी डॉक्टरांकडे न्यावे. मनाच्या डॉक्टरांकडे जाण्यात कुळाला बट्टा लागत नाही. दारूच्या आहारी गेलेल्यालाही झाडाखाली बसविले म्हणजे दारू सुटली असे होत नाही. जे औषधाचे काम आहे ते औषधाकडे सोपवावे. पण ज्याला एकटेपणाने घेरले आहे, आपण कोणाच्या उपयोगाचे नाही असे ज्याला वाटते, त्याला रान जे देते ते बाटलीत मिळत नाही, हेही तितकेच खरे आहे.

ख्रिस्तसभेच्या इतिहासात असे दान नवे नाही. संत फ्रान्सिस असिसीकर ह्यांना १२१३ साली ओर्लांदो नावाच्या एका सरदाराने चक्क एक डोंगर भेट दिला. त्या ला व्हेर्ना डोंगरावर दाट झाडी, कडेकपारी व गुहा ह्यांखेरीज काही नव्हते. ज्याने स्वतःची पैही जवळ ठेवली नाही त्या संताने ही भेट मात्र स्वीकारली, कारण तेथे त्याला आणि त्याच्या बंधूंना प्रार्थनेसाठी एकांत मिळणार होता. ह्याच डोंगरावर १२२४ साली त्याच्या देहावर प्रभूच्या जखमांच्या खुणा उमटल्या. सरदाराने धान्य दिले असते तर तेही पुण्यच होते. पण त्याने एकांत दिला, आणि त्या दानाचे फळ आठशे वर्षे टिकले आहे.

आपल्या विषयाला याहून जवळचे उदाहरण संत डॉन बॉस्को ह्यांचे. त्यांची मुले कोण होती? इटलीतल्या तुरीन शहरात पोटासाठी आलेली गवंड्याच्या हाताखालची, सुताराकडची, रस्त्यावर झोपणारी पोरे. म्हणजे त्या काळचे पांडेसराच. ह्या मुलांना डॉन बॉस्को दर वर्षी शरद ऋतूत आपल्या जन्मगावी, बेक्कीच्या टेकडीवर, जपमाळेच्या सणासाठी पायी नेत. पुढे त्या वाऱ्या लांबत गेल्या. मोंफेरातोच्या डोंगराळ मुलखातून मुलांची ती रांग वाद्ये वाजवीत गावोगाव जाई. गावचे धर्मगुरू आणि शेतकरी त्यांना जेवू घालीत व निजायला जागा देत. मुले त्याची परतफेड चर्चमधल्या गायनाने आणि रात्रीच्या नाटुकल्याने करीत. १८६४ सालच्या वारीत ही मंडळी मोर्नेसे नावाच्या खेड्यात उतरली. तेथे डॉन बॉस्कोंची गाठ मारिया मात्सारेल्लो ह्या शेतकऱ्याच्या मुलीशी पडली, आणि त्या भेटीतून पुढे १८७२ साली सालेशियन धर्मभगिनींचा संघ उभा राहिला. त्या शेतकऱ्यांनी मुलांना वाढताना आपण किती मोठ्या कामाला हात लावीत आहोत हे त्यांना ठाऊक नव्हते.

तुरुंगातल्या मुलांचीही एक गोष्ट सांगतात. १८५५ साली तुरीनच्या बालगुन्हेगारांच्या तुरुंगातील मुलांना एक दिवस मोकळ्या रानात नेण्याची परवानगी डॉन बॉस्कोंनी मागितली, आणि तीही शिपाई बरोबर न घेता. मुले गेली, दिवसभर हिंडली, खेळली, आणि संध्याकाळी एकूण एक परत आली. त्या मुलांना झाडे आणि ओढा मिळाला खरा. पण त्याहून मोठे असे काही मिळाले. कोणीतरी त्यांच्यावर विश्वास टाकला होता.

आता सर्वांत कठीण आक्षेपाकडे वळू. काही विचारी माणसे म्हणतात की, दान माणसाला पंगू करते. फुकट मिळालेले चार दिवस मुलाला आणखी चार फुकट दिवसांची चटक लावतील. हा आक्षेप आपल्या महाराष्ट्रात ज्यांनी सर्वांत जोराने मांडला, त्यांच्याकडूनच त्याचे उत्तरही मिळते. ते म्हणजे बाबा आमटे. दानाने माणूस मोडतो आणि कामाने घडतो, हे त्यांच्या आनंदवनाचे ब्रीदच आहे.

मुरलीधर देवीदास आमटे ह्यांचा जन्म १९१४ साली हिंगणघाटला झाला. घर जमीनदाराचे, शिक्षण वकिलीचे. वरोऱ्याला एका पावसाळी दिवशी रस्त्याच्या कडेला त्यांना महारोगाने हातपाय झडलेला तुळशीराम दिसला. शुभवर्तमानातील याजक व लेवी जसे दुसऱ्या बाजूने निघून गेले, तसेच आमटेही प्रथम भयाने दूर पळाले. परंतु ते परत फिरले. त्यांनी त्याला आडोसा करून दिला आणि मरेपर्यंत त्याची शुश्रूषा केली. आपल्याला भय वाटले ह्याचीच त्यांना लाज वाटली, आणि त्या लाजेतून पुढचे सारे उभे राहिले. १९४९ साली महारोगी सेवा समिती स्थापन झाली. कलकत्त्याला जाऊन त्यांनी ह्या रोगाचे शिक्षण घेतले. वरोऱ्याजवळ सरकारकडून पन्नास एकर खडकाळ, झुडपांनी माजलेले रान मिळाले. विंचू, साप आणि रानटी श्वापदे हेच तेथले मूळचे रहिवासी. पत्नी साधनाताई, लहान मुले, सहा रोगी, एक लंगडी गाय, एक कुत्रा आणि खिशात चौदा रुपये, एवढ्या भांडवलावर काम सुरू झाले. जून १९५१ मध्ये आचार्य विनोबा भावे ह्यांच्या हस्ते आनंदवनाचे उद्घाटन झाले.

ज्यांना बोटे नाहीत त्यांनी त्या खडकात विहीर खणली. पाणी लागले, जमीन हिरवी झाली, धान्य पिकले, भाजीपाला आला. औषधाने रोग बरा होत होताच. पण गावाने वाळीत टाकलेल्या माणसाला आपण माणूस आहोत ही खात्री औषध देऊ शकत नव्हते. ती त्याला स्वतःच्या हाताने काढलेल्या पाण्याने दिली. आणि त्यापुढचा प्रकार तर विशेषच आहे. १९६४ साली ह्याच माणसांच्या श्रमातून वरोऱ्याच्या पंचक्रोशीतील निरोगी तरुणांसाठी आनंद निकेतन महाविद्यालय उभे राहिले. ज्यांच्या पोरांना इतर शाळांत बसू देत नसत, त्यांनी इतरांच्या पोरांसाठी महाविद्यालय बांधले! पुढे अंध व मूकबधिर मुलांच्या शाळाही तेथे निघाल्या. घेणारे हात देणारे झाले. आनंदवनाला देणग्या मिळाल्या नाहीत असे नाही. देशोदेशींचे स्वयंसेवकही तेथे येऊन राबले. परंतु त्या मदतीने कोणाचा हात पसरलेला ठेवला नाही. त्या हातात कुदळ दिली. बाबांचा विरोध माणसाला कायमचा याचक ठेवणाऱ्या दयेला होता, आणि प्रीतीचा आपला जो ख्रिस्ती अर्थ आहे तोही त्याच बाजूचा आहे.

तरुणांसाठी बाबांनी काय केले तेही पाहावे. चंद्रपूर जिल्ह्यात मूलजवळ सोमनाथ येथे जंगलालगतच्या जमिनीवर त्यांनी श्रमिकांचे विद्यापीठ उभारण्याचे मनात घेतले, आणि १९६७ पासून तेथे मे महिन्यात तरुणांची श्रमसंस्कार छावणी भरू लागली. विदर्भातला मे महिना म्हणजे काय हे तिकडच्या वाचकांना सांगावयास नको. अशा उन्हात शहरातली मुलेमुली सकाळी माती खणतात, बांध घालतात. दुपारी विचारवंतांचे बोलणे ऐकतात. संध्याकाळी गाणी म्हणतात. कुष्ठरोगातून बरी झालेली माणसे हे तेथले यजमान, आणि सुशिक्षित मुले ही पाहुणी. ह्या छावणीतून घरी गेलेल्या कित्येकांनी पुढे समाजसेवेला आयुष्य वाहिले.

आणखी एक प्रसंग सांगण्याजोगा आहे. बाबांनी आपल्या मुलांना एकदा सहलीसाठी भामरागडच्या घनदाट अरण्यात नेले. तेथले माडिया आदिवासी, त्यांची उपासमार, बाहेरच्या माणसाविषयी त्यांना वाटणारी धास्ती हे सारे त्या तरुणांनी डोळ्यांनी पाहिले. ती निव्वळ सहलच होती. परंतु तिच्या पोटी १९७३ साली हेमलकशाचा लोकबिरादरी प्रकल्प जन्मास आला. डॉ. प्रकाश आमटे आणि डॉ. मंदाकिनीताई त्या रानात जाऊन राहिले, झाडाखाली रोगी तपासू लागले, आणि पुढे स्विस एड ह्या परदेशी संस्थेच्या साहाय्याने तेथे लहानसे इस्पितळ झाले. मोर्नेसेची वारी आणि भामरागडची सहल, दोन्हींचा धडा एकच आहे. तरुणाला रानात नेण्याचा खर्च हा पेरलेल्या बियाण्याचा खर्च असतो. मात्र पेरणाऱ्याला पीक कोणते येईल ते आधी कळत नाही.

एवढे सांगून झाल्यावर पांडेसऱ्याच्या प्रश्नाला आमचे उत्तर असे : होय, रानातले चार दिवस हा दानधर्म होऊ शकतो. परंतु तो आपोआप होत नाही. त्याला काही अटी आहेत.

पहिली अट अशी की, भुकेल्याच्या आणि रोग्याच्या वाट्याला हात लावू नये. सभेत उभे राहिलेल्या वडीलधाऱ्यांचे म्हणणे येथपर्यंत अगदी रास्त आहे. ज्या हेतूने पैसा मागितला त्याच हेतूसाठी तो खर्चावा; विधवेच्या औषधाचा पैसा औषधालाच जावा. तरुणांसाठी वेगळी पेटी ठेवावी आणि तिच्यावर तिचा हेतू स्पष्ट लिहावा. ती भरण्याचे मार्ग आहेत. प्रायश्चित्तकाळात वाचविलेला घास, लग्नातल्या बँडाचा एक तास, बारशाच्या मिठाईची एक परात, सणाच्या फटाक्यांचा निम्मा खर्च. ज्याच्यामुळे कोणी उपाशी राहत नाही, फक्त आपली हौस थोडी उपाशी राहते, अशाच पैशातून ही पेटी भरावी. आणि देणाऱ्याची नावे फळ्यावर लागू नयेत. कोणाच्या पैशाने आपण आलो हे मुलाला कळले, तर रानातही त्याची मान खाली राहील.

दुसरी अट बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. बसचे भाडे आणि शिधा एवढाच खर्च धरून चालणार नाही. ज्याचा पगार हजेरीवर आहे त्याचे चार खाडे पडतात. त्या चार दिवसांच्या मजुरीवर खोलीचे भाडे आणि गावाकडे धाडावयाची रक्कम अवलंबून असते. ज्याला रानाची सर्वांत अधिक गरज, त्यालाच खाडा परवडत नाही. मग जाणार कोण, तर ज्याचे बरे चालले आहे तो. असे झाले तर ती खरोखरच सहल ठरेल आणि वडीलधाऱ्यांचा आक्षेप खरा होईल. म्हणून पेटीतला मोठा वाटा बुडालेल्या हजेरीची भरपाई करण्यासाठी ठेवावा. ती रक्कम मुलाच्या हाती न देता त्याच्या आईच्या हाती गुपचूप पोहोचवावी. कारखान्याचा जो मुकादम चार दिवस बदली माणूस लावून मुलाची जागा राखील, त्यानेही एक दानच दिले असे आम्ही समजू.

तिसरी अट श्रमाची. चार दिवसांपैकी रोज काही तास मुलांनी ज्या गावाच्या आसऱ्याला जातील त्या गावाचे काम करावे : ओढ्याला बांध घालावा, विहिरीचा गाळ काढावा, शाळेची भिंत सारवावी. प्रत्येकाने आपल्या ऐपतीप्रमाणे थोडे पैसेही भरावेत, मग ते एका चहाचे का असेनात. हात देणारा झाला म्हणजे मनही उभे राहते, हे आनंदवनाने सिद्ध केलेच आहे.

चौथी अट शहाणपणाची. वनखात्याची परवानगी घ्यावी. बरोबर जाणती माणसे असावीत. वाहत्या पाण्यात कोणी एकट्याने उतरू नये. जवळचे इस्पितळ कोठे आहे हे निघण्यापूर्वी माहीत असावे. साप चावला तर मांत्रिकाकडे न जाता तडक इस्पितळ गाठावे. दारूची बाटली सोबत येऊ देऊ नये. आणि मुलींनाही विसरू नये. घरात बसून दिवसभर साड्यांवर टिकल्या चिकटविणाऱ्या मुलीचे डोळेही दुखतात आणि मनही. धर्मभगिनींच्या देखरेखीखाली त्यांच्यासाठीही असे चार दिवस ठरवावेत.

पांडेसऱ्याहून रान फार दूर नाही, ही देवाची कृपाच. उधन्याहून निघणारी तापी खोऱ्यातली आगगाडी व्यारा, सोनगड, नवापूर करीत नंदुरबारकडे जाते. आपली बहुतेक खानदेशी मंडळी ह्याच गाडीने पोटासाठी सुरतेस आली. ह्या वाटेच्या दक्षिणेस डांग जिल्हा आहे. साग, शिसव, खैर आणि बांबूची बेटे, पूर्णा व अंबिका नद्यांची खोरी, आणि नागलीची भाकर खाणारी कष्टाळू माणसे. तेथली डांगी बोली आपल्या अहिराणीची जणू धाकटी बहीण; खानदेशी मुलाला ती परकी वाटणार नाही. जवळच वासद्याचे राष्ट्रीय उद्यान आहे. सुमारे चोवीस चौरस किलोमीटरांचे ते जंगल १९७९ साली राष्ट्रीय उद्यान झाले. परंतु त्यातल्या झाडांवर १९५२ पासूनच कुऱ्हाड पडलेली नाही. जेथे एवढा काळ कोणी झाड तोडले नाही, तेथे क्षणभर उभे राहिले तरी माणसाचा आवाज आपोआप खाली येतो. मात्र रान रिकामे असते असे कोणी समजू नये. ते कोणाचे तरी घर आहे. तेथल्या आदिवासी बांधवांकडे तमाशा पाहावयास जाऊ नये. पाहुण्याच्या नम्रतेने जावे आणि त्यांच्याकडून चार गोष्टी शिकून यावे.

आता शेवटचे बोलणे खेड्यात राहणाऱ्या आमच्या कुटुंबांशी. तुम्ही म्हणाल, शहरातल्या मुलांसाठी पेटीत टाकावयास आमच्याजवळ रोकड कोठे आहे? ती नसेल, पण तुमच्याजवळ जे आहे ते पांडेसऱ्यात कोणत्याही भावाने मिळत नाही. सारवलेले अंगण आहे, विहिरीचे पाणी आहे, चुलीवरची भाकर आहे, उशाशी चांदणे आहे. मोंफेरातोच्या शेतकऱ्यांनी डॉन बॉस्कोंच्या पोरांना हेच दिले होते. शुभवर्तमानात पाच हजारांचे जेवण एकांत जागी झाले, आणि त्याची सुरुवात एका मुलाजवळच्या पाच जवाच्या भाकरींनी व दोन मासळ्यांनी झाली. प्रभूने एका पोराचे दान हाती घेतले आणि सर्वांचे पोट भरले. आज तो पोर बारा तासांच्या पाळीवरून थकून येतो, आणि त्याच्या हाती भाकर ठेवण्याची पाळी आपली आहे. ज्यांची घरे रानाच्या कडेला आहेत त्यांनी आपल्या धर्मगुरूंकडे एवढेच कळवून ठेवावे की, आमच्याकडे दोन मुलांची, चार मुलांची सोय होईल. ती मुले आली तर त्यांना उपदेश करण्याची घाई करू नका. पहिल्या दिवशी त्यांना झोपू द्या. दुसऱ्या दिवशी बांधावर न्या, हाती कुदळ द्या. तिसऱ्या दिवशी ती आपणहून बोलू लागली तर ऐकून घ्या. आणि निघताना, पुन्हा या, असे म्हणा.

ज्या देवाने एलियाच्या उशाशी भाकर ठेवविली, तो आपल्या थकलेल्या मुलांना विसावा देवो, आणि ती भाकर भाजण्याचे काम आपल्या घरांकडे सोपवो.